'तुमचे डोळे मेडिकलमध्ये अडकतील' असं सांगून माझ्याकडून पैसे उकळले

मला उणे साडेचारचा चष्मा आहे, शाळेपासून. या एका गोष्टीची भीती घालून एका माणसानं माझ्याकडून 51,500 रुपये काढले आणि बदल्यात दिलेलं ड्रोन पायलटचं लायसन्स खोटं निघालं. ड्रोनचं काम धंदा म्हणून करू पाहणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितोय. यात माझं जे चुकलं तेही लपवत नाही.

मी फोटोग्राफर आहे. एका बांधकाम कंपनीच्या साइटचं दर महिन्याला वरून शूटिंग करायचं काम मिळेल असं दिसत होतं. ड्रोन दोन किलोच्या आतला, म्हणजे मायक्रो गटातला. असा ड्रोन हौसेनं उडवायला प्रमाणपत्र लागत नाही, त्यावर पैसे कमवायचे तर लागतं, एवढं मला माहीत होतं. शोधताना एका अकॅडमीची जाहिरात समोर आली. 'कमर्शियल ड्रोन पायलट लायसन्स, घरबसल्या, तीन दिवसांत, डीजीसीए मान्यताप्राप्त.' डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. फी 28,000.

फोनवरचा माणूस फार अदबीनं बोलायचा. मी फी भरली, तीन दिवस ऑनलाइन वर्ग झाले, आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

"सर, तुम्ही चष्मा लावता का?"

हो म्हटलं.

"मग जरा अडचण आहे. कमर्शियल पायलटला मेडिकल असतं, तुम्ही ऐकलंच असेल. ड्रोनला क्लास टू लागतं. तुमचे डोळे तिथे अडकतील. पण काळजी करू नका, आपले डॉक्टर आहेत."

मी लगेच इंटरनेटवर बघितलं. कमर्शियल पायलटला क्लास वन मेडिकल लागतं, त्याआधी क्लास टू होतं, ते डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर करतात. सगळं खरं निघालं, म्हणून मी गप्प बसलो. पण हे सगळं विमानात बसून विमान चालवणाऱ्यांसाठी आहे. मी 'कमर्शियल पायलट' असं शोधलं, ड्रोनचे नियम उघडलेच नाहीत. दुसऱ्या धंद्याचा खरा नियम उचलून त्यानं माझ्या गळ्यात बांधला होता. एरवी मी एवढा सहज फसलो नसतो असं मला अजून वाटतं.

मेडिकलचे 9,500 वेगळे. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बोलावलं. पांढरा कोट घातलेल्या माणसानं वजन केलं, रक्तदाब बघितला आणि मग रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक उघडलं. ठिपक्यांतून आकडा ओळखायचा असतो. इशिहारा टेस्ट म्हणतात त्याला. तो भराभर पानं उलटत होता. एका पानावर मी "चौऱ्याहत्तर" म्हटलं. त्यानं पान तिथेच थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे एकवीस आहे. तुम्हाला रंगदोष आहे, कुणी सांगितलं नाही का आजवर?"

त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. माझं पोट रंगांवर चालतं. नवरीच्या शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा नीट उतरावा म्हणून मी रात्र रात्र बसतो. पुढचे तीन आठवडे मी केलेली प्रत्येक एडिट दोन-दोन जणांना दाखवत होतो, रंग बरोबर आहे ना म्हणून विचारत होतो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या तीन आठवड्यांचा राग जास्त आहे.

'रिव्ह्यू बोर्डाकडून फिट करून घेण्याचे' 14,000 मी दुसऱ्याच दिवशी पाठवले. आठवड्याभरात मेडिकल 'फिट' आलं आणि पाठोपाठ लायसन्स. जाड कागद, सोनेरी सील, वर राजमुद्रा, कोपऱ्यात क्यूआर कोड. मुदत दोन वर्षं, पुढे 'नूतनीकरण फी भरून'.

ते दाखवून मी दोन लग्नांत ड्रोन उडवला. खाली माणसं होती, लहान मुलं होती. माझ्याकडे ना खरं प्रमाणपत्र, ना खरं प्रशिक्षण. सिम्युलेटरवर एक मिनिटही बसलो नव्हतो. काही झालं नाही ही देवाची कृपा.

बिंग बांधकाम कंपनीत फुटलं. तिथल्या सेफ्टी ऑफिसरनं कागद हातात घेतला आणि दोन मिनिटांत परत केला. तो म्हणाला, "साहेब, ड्रोनला आता लायसन्स नसतंच. फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीनंतर रिमोट पायलट सर्टिफिकेट असतं, ते दहा वर्षं चालतं. यावर दोनच वर्षं कशी? आणि ही संस्था डीजीसीएच्या यादीत आहे का?" त्यानं यादी उघडून माझ्यासमोर शोधली. नव्हती. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्या अकॅडमीचीच वेबसाइट उघडली, सरकारची नाही. मग त्यानं ड्रोनचा यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, आणि थर्ड पार्टी विमा मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. काम गेलं, पण त्या माणसानं अपमान केला नाही. बसवून चहा दिला आणि ड्रोन नियम 2021 वाचायला सांगितले.

त्या रात्री मी ते पहिल्यांदा वाचले. प्रमाणपत्रासाठी अटी तीन. वय 18 ते 65, मान्यताप्राप्त बोर्डाची दहावी, आणि डीजीसीएनं अधिकृत केलेल्या रिमोट पायलट ट्रेनिंग संस्थेत, म्हणजे आरपीटीओत, प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होणं. विमानाच्या पायलटचं क्लास वन, क्लास टू मेडिकल त्यात कुठेही नाही. सरकारी फी 100 रुपये, बाकी खर्च तो प्रशिक्षणाचा. माझ्याकडे त्या अकॅडमीनं दहावीची गुणपत्रिका मागितलीच नव्हती. पासपोर्टवर मात्र अडून बसले होते, आणि पासपोर्टची सक्ती तर 2023 मध्येच काढून टाकलीय.

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. बाईंनी तेच पुस्तक काढलं, तेच पान आलं. मी घाबरत "चौऱ्याहत्तर" म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरोबर. लाल-हिरव्याचा दोष असणाऱ्यांना तिथे एकवीस दिसतं." मला तिथेच रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. यूपीआयचे स्क्रीनशॉट, कॉलच्या नोंदी आणि त्या मेडिकलचा कागद दिला. पोलिसांना हेही सांगितलं की तो खोटा कागद मी दोन ठिकाणी दाखवलाय. सांगताना भीती वाटली, पण ते लपवून तक्रार करणं मला जमलं नसतं. पैसे अजून परत आलेले नाहीत. पैसे गेल्या गेल्या 1930 वर कळवलं तर ते खात्यात अडवून ठेवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत दोन महिने उलटून गेले होते.

आता अधिकृत आरपीटीओतून नव्याने प्रशिक्षण केलंय. संस्था आधी डीजीसीएच्या यादीत नावानं आणि पत्त्यानं पडताळली, कारण मिळतीजुळती नावं घेऊनही लोक दुकान मांडतात. वर्ग, सिम्युलेटर, मग मैदानावर इन्स्ट्रक्टर शेजारी उभा राहून प्रत्यक्ष उड्डाण. पहिल्या दिवशी ड्रोनचं तोंड माझ्याकडे वळवलं तेव्हा डावं-उजवं उलटं झालं आणि मी तो जाळीवर घातला. असं भर मांडवात झालं असतं तर, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तब्येतीबाबत त्या संस्थेनं एमबीबीएस डॉक्टरांचा साधा फिटनेसचा दाखला मागितला, तो आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून दिला. चष्म्याचं कुणी नावही काढलं नाही.

त्या अकॅडमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्यासोबत आणखी सात जण होते. सगळ्यांना एकेक करून फोन केले. पाच जणांनी मेडिकलचे पैसे आधीच भरले होते, एकानं फोन उचलला नाही. सातवा, शेतात फवारणीचा ड्रोन घ्यायच्या तयारीतला तरुण, म्हणाला, "दादा, माझं मेडिकल परवा रविवारी आहे. मलापण चष्मा आहे." त्याला नियमांतलं ते तीन अटींचं पान पाठवलं. रविवारी तो गेला नाही.