कालव्याकाठची खोली: शिक्षकांना चीनला पाठवणाऱ्या सल्ला केंद्राचा अनुभव

परदेशात अध्यापनाच्या नोकऱ्या मिळवून देणाऱ्या आपल्या कोल्हापुरातील एका सल्ला केंद्रामार्फत मी चीनमधील सुझोऊ परिसरातील एका शाळेत वर्षभर गणित शिकवले आणि जवळच्या तोंगली या कालव्यांच्या जुन्या गावात राहिलो. केंद्राचे शुल्क भरावे की नाही, असे येथील अनेक शिक्षक विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नोकरीपुरते पाहिल्यास केंद्राचे काम चोख आहे. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा परवाना सामान्यतः ती मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि माझ्या बी.एड.च्या व अनुभवाच्या आधारे गणिताच्या जागेसाठी अर्ज केला. 'पर्यटक व्हिसावर जा, पुढचे पुढे बघू,' असा सल्ला मला इतरत्र मिळाला होता. येथे मात्र नोकरीसाठीचा 'झेड' व्हिसा हाती येईपर्यंत त्यांनी विमानाचे तिकीट काढू दिले नाही.

राहण्याच्या व्यवस्थेबाबत मात्र निराशा झाली. हॉटेलात न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला पोहोचल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, ही गोष्ट मला केंद्राने नव्हे तर घरमालकीणबाईंनी सांगितली आणि भाडेकरार घेऊन त्याच मला चौकीत घेऊन गेल्या. 'कालव्याकाठची ऐतिहासिक खोली' म्हणून जी दिली होती, तिची खिडकी थेट पाण्यावर उघडत असे. पहाटे दगडी पायऱ्यांवर कोणी भाजी धूत बसलेले दिसे. दहा वाजता पर्यटकांचे लोंढे सुरू होत. लग्नाची वरात ताइपिंग, जिली आणि चांगछिंग हे तिन्ही पूल ओलांडते, ती मी त्याच खिडकीतून पाहिली. 2000 साली जागतिक वारसा यादीत गेलेली, 1885 ते 1887 या काळात बांधलेली त्वेसी बागही पायी जाण्याच्या अंतरावर होती. हे सुख खरे होते, पण ते जूनच्या मध्यापर्यंतच टिकले.

त्यानंतर ज्याला तिकडे 'आलुबुखाऱ्याचा पाऊस' म्हणतात, तो सुरू झाला. 2019 च्या महापुराची खूण घराच्या भिंतीवर बाळगणाऱ्या माणसाला पावसाचे काय कौतुक, असे मला वाटत होते. परंतु तेथे पाणी चढत नाही, हवाच ओली होते: आठवड्याभरात माझ्या कोल्हापुरी चपलेवर हिरवट बुरशीचा थर बसला, पट्ट्याची शिवण सुटली आणि गृहपाठाच्या वह्या एकमेकींना चिकटू लागल्या. केंद्राला कळवल्यावर 'खिडक्या उघड्या ठेवा' असे उत्तर आले, जे त्या दिवसांत अगदी उलट ठरते.

शेवटी मी गावाबाहेर चौथ्या मजल्यावर खोली घेतली. तेथून बसने सुझोऊ मेट्रोच्या चौथ्या मार्गाचे तोंगली हे शेवटचे स्थानक गाठता येत असे आणि शाळेत जाणे उलट सोपे झाले. त्यामुळे नोकरी अवश्य या केंद्रामार्फत मिळवावी, मात्र घर स्वतः पाहूनच घ्यावे. मी परतून आठ महिने झाले तरी पहिल्या खोलीसाठी केंद्राकडे भरलेली अनामत रक्कम मला मिळालेली नाही.