१७८० सालचा थालर, टपालाने आलेला

वर्धा जिल्ह्यातील आमच्या खेड्यात टपालाने मागवलेले मारिया थेरेसा थालर हे चांदीचे नाणे जाड पुठ्ठ्यात, ओरखडाही न पडता पोहोचले आणि बाजाराच्या दिवशी सराफाच्या काट्यावर २८ ग्रॅमच्या किंचित वर भरले. वजन चोख आहे. जाहिरातीतील ‘अस्सल १७८०’ हा दावा मात्र पटत नाही, कारण त्या वर्षी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा वारल्यानंतरही तेच साल कायम ठेवून ही नाणी पाडली जात राहिली, त्यामुळे सालावरून काहीच सिद्ध होत नाही. छबीखालची ‘एस. एफ.’ ही अक्षरे मुळात ग्युन्झबुर्ग (आज जर्मनीत) येथील टाकसाळीची. सोबतच्या चिठ्ठीत योआखिमस्थालच्या (आज चेक प्रजासत्ताकात) चांदीच्या खाणींचा, ज्यांवरून ‘थालर’ आणि पुढे ‘डॉलर’ हा शब्द आला, साधा उल्लेखही नाही. चांदीच्या भावात मिळाल्यास जरूर घ्यावे.