वेगासाठी काय करावे: विंडोजचे ट्वीक, डीएनएस की लॅन केबल?

१०० एमबीपीएसचा प्लॅन आणि लॅपटॉपवर मिळतात तीस-पस्तीस. अशा वेळी ट्वीक (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलणे) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलणे, ही कामे फुकटात होतात, म्हणून बहुतेक जण आधी त्यांच्याच मागे लागतात.

‘विंडोज २० टक्के बँडविड्थ अडवून ठेवते’ हा सल्ला सगळ्यांत जास्त फिरतो. ग्रुप पॉलिसीत ‘लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ’ शून्य करायला सांगतात. पण एखाद्या प्रोग्रामने क्यूओएसकडे (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) प्राधान्य मागितले तरच ही मर्यादा लागू होते. एरवी सगळी लाइन मोकळीच असते. केलेत तरी काही बिघडत नाही, मिळतही नाही.

‘ऑटोट्यूनिंग डिसेबल’ मात्र करू नका. पोच येण्याआधी किती डेटा वाटेत राहू शकतो ही मर्यादा म्हणजे रिसीव्ह विंडो, आणि ती गरजेप्रमाणे आपोआप लहान-मोठी करणे म्हणजे ऑटोट्यूनिंग. विंडोज व्हिस्टाच्या काळात काही राउटर-फायरवॉलना विंडो स्केलिंग (ही विंडो ६४ केबीच्या वर नेण्याची पद्धत) झेपत नसे, त्यावरचा हा उपाय आजही तसाच सांगितला जातो. डिसेबल केले की रिसीव्ह विंडो ६४ केबीवर अडते, म्हणजे पोच येईपर्यंत त्याहून जास्त डेटा वाटेत राहू शकत नाही. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद असेल तर एका कनेक्शनला १०० एमबीपीएस निघतात. ४० असेल तर जेमतेम १३, आणि २०० असेल तर अडीचच्या आसपास. वैताग असा, की स्पीड टेस्ट सहसा जवळच्या सर्व्हरशी अनेक कनेक्शन एकदम उघडते. त्यामुळे आकडा झकास दिसतो आणि दूरच्या सर्व्हरवरची मोठी फाइल मात्र रखडते. दोष कुठे आहे ते कळतच नाही. माझ्या मते ट्वीक बाद करायला एवढे एक कारण पुरे. आधीच करून बसला असाल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘netsh int tcp show global’ने तपासा आणि ऑटोट्यूनिंग पुन्हा ‘नॉर्मल’ करा.

डीएनएसचे तसे नाही. इंटरनेट कंपनीचा डीएनएस सारखा अडकत असेल तर त्याजागी १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) किंवा ८.८.८.८ (गूगलचा) टाकल्यावर पाने उघडायला लवकर सुरुवात होते. डाउनलोडचा वेग त्याने सहसा वाढत नाही. उलट १.१.१.१ तुम्ही कोणत्या नेटवर्कवर आहात ते साइटच्या डीएनएस सर्व्हरला कळवत नाही, त्यामुळे क्वचित एखादी साइट दूरच्या सर्व्हरवरून येऊ शकते.

ते तीस-पस्तीस बहुधा वायफायमुळे असतात. २.४ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये, एका अँटेनाच्या ‘एन’ (८०२.११एन, वायफायची जुनी पिढी) कार्डाला कागदावर ७२ एमबीपीएस. हाती साधारण निम्मे पडतात. म्हणून जमत असेल तर कॅट ५ई केबल ओढावी असे मी सुचवेन. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिट आरामात देते. स्वतः क्रिंप करणार (टोकांना कनेक्टर बसवणार) असाल तर दोन्ही टोकांना तारांचा एकच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिगाबिट पोर्ट असूनही लिंक स्पीड १०० दाखवत असेल, तर बहुतेक निळ्या किंवा तपकिरी जोडीतली तार नीट बसलेली नसते. १०० ला नारिंगी-हिरव्या जोड्याच पुरतात, त्यामुळे नेट चालू राहते आणि चूक लपते. ते टोक कापून नवा कनेक्टर लावा. भिंतीला भोक पाडायची सोय नसेल, तर राउटरच्याच खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झ वापरा.