‘भरून पावलो’ : पुण्यातील फ्लॅट विकताना आलेला अनुभव

आईच्या पश्चात पुण्यातील तिचा फ्लॅट विकताना माझी आणि माझ्या थोरल्या बहिणीची जी फसवणूक झाली, तिची हकीकत मी येथे सविस्तर लिहीत आहे. घराच्या व्यवहारातील फसवणूक म्हटली की तोतया मालक, बनावट सह्या किंवा एकच घर चौघांना विकणारा बिल्डर डोळ्यांसमोर येतो, आणि फसणारा हा नेहमी खरेदीदारच असतो असे आपण गृहीत धरतो. आमच्या प्रकरणात एकही कागद खोटा नव्हता, सगळ्या सह्या आमच्याच होत्या, आणि फसलो ते आम्ही विकणारे.

फ्लॅट सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नव्वदच्या दशकात बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. मी नागपुरात राहतो आणि ताई सांगलीला, त्यामुळे तो ठेवून उपयोग नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये आम्ही तो विकायला काढला, तेव्हा नोटाबंदीला जेमतेम तीन महिने झाले होते. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात ‘पांढऱ्यात किती आणि रोख किती’ हा जो पहिला प्रश्न असे, तो विचारणारी माणसेच बाजारातून नाहीशी झाली होती. जुलैमध्ये जीएसटी लागू झाला आणि बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर प्रत्यक्षात १२ टक्के कर बसू लागला. तुमच्या तयार फ्लॅटवर हा कर नाही, आता गिऱ्हाईक तुमच्याकडेच वळेल, असे एजंट उत्साहाने सांगत असे. गिऱ्हाईक वळले नाही. आजूबाजूच्या नव्या इमारतींत न विकलेले फ्लॅट पडून होते, बिल्डर मुद्रांक शुल्क स्वतः भरायला तयार होते, वर मॉड्युलर किचन देत होते, आणि आमच्याकडे तीन जिने चढून आलेला प्रत्येक जण धापा टाकत ‘कळवतो’ म्हणून जात होता. अगदी पहिल्या महिन्यात एकाने ४३ लाख देऊ केले होते, ते आम्ही ५० च्या आशेने नाकारले. पुढचे पंधरा महिने रिकाम्या घराचा मेंटेनन्स आणि मिळकतकर भरताना मला त्या ४३ लाखांची आठवण येत असे. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढे जे काही झाले ते या पंधरा महिन्यांशिवाय झाले नसते.

मे २०१८ मध्ये एजंटने ‘पार्टी जेन्युइन आहे’ असे सांगून एका गृहस्थांना आणले. पस्तिशीचे, इंटिरिअरची कामे घेणारे, मला पहिल्या वाक्यापासून ‘काका’ म्हणणारे. त्यांनी चपला जिन्यात काढल्या, आईच्या तसबिरीला नमस्कार केला, लिफ्टचा विषय काढला नाही आणि आम्ही सांगितलेल्या ४७ लाखांना तिथल्या तिथे होकार दिला. रात्री ताईला फोनवर सांगितले, तेव्हा ती आधी गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अरे, मंडईत माणूस कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपये सोडत नाही, आणि हा सत्तेचाळीस लाखांत एक रुपया कमी करा म्हणाला नाही?” मी तिच्यावर वैतागलो. इतक्या दिवसांनी आलेले गिऱ्हाईक हिच्या संशयाने जाईल, एवढेच मला त्या क्षणी वाटले होते.

त्यांची मागणी साधी आणि वरवर पाहता रास्त होती. साठेखताची, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री-कराराची, नोंदणी आताच करायची तर ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी मिळून तीन लाखांच्या वर रक्कम त्यांना लगेच भरावी लागणार होती. कर्ज मंजूर झाले की नोंदणी करू, तोवर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ठेवू, असे ते म्हणाले. बँकेलाही काहीतरी कागद दाखवावा लागतो, हे मला पटले. विसार म्हणून पाच लाख ठरले, त्यांपैकी एक लाखाचा चेक त्यांनी आधीच दिला आणि तो वटलाही. उरलेल्या चार लाखांचा चेक १० जुलै २०१८ या पुढच्या तारखेचा होता. जूनमध्ये ताई आणि मी पुण्याला जाऊन एका दुपारी नोटरीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या सह्या केल्या. मसुदा त्यांच्या ओळखीच्या वकिलाने तयार केला होता. तो मी वाचला होता, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

त्या कागदावर माझ्या वकिलांनी पुढे लाल पेनने खुणा केल्या, त्यांतील दोन येथे उतरवतो. पहिली खूण या वाक्याला होती : ‘सदर विसाराची रक्कम रुपये ५,००,०००/- लिहून देणार यांना चेकद्वारे मिळाली असून ती भरून पावली आहे, त्याबाबत लिहून देणार यांची काही एक तक्रार नाही.’ ‘लिहून देणार’ म्हणजे आम्ही विकणारे. खाली दोन्ही चेकचे क्रमांक होते आणि ते बरोबर होते. चार लाखांचा चेक तेव्हा माझ्या पाकिटात होता, खात्यात नव्हता, पण कागदावर मी पाच लाख भरून पावलो होतो. ‘चेक वटण्याच्या अधीन राहून’ एवढे शब्द त्या वाक्यात असते, तर पुढचा निम्मा त्रास झाला नसता, असे वकील म्हणाले. दुसरी खूण ताब्याच्या कलमाला होती. रंगकाम आणि फर्निचरची मापे घेण्यासाठी किल्ली द्यावी, असे आमच्यात तोंडी ठरले होते. कागदावर मात्र ‘डागडुजी व वापराकरिता सदर मिळकतीचा ताबा लिहून घेणार यांना आज रोजी देण्यात आला आहे’ असे होते. ‘डागडुजी’वर माझी नजर ठरली होती, पुढचे ‘व वापराकरिता’ हे दोन शब्द वाचूनही माझ्या मनात शिरले नव्हते. खरेदीखत अमुक तारखेपर्यंत झाले नाही तर करार आपोआप रद्द होईल, असे कलम तर कुठेच नव्हते, आणि जे लिहिलेलेच नसते ते वाचताना खटकत नाही.

त्यानंतर चार लाखांच्या चेकचा खेळ सुरू झाला. ८ जुलैला फोन आला की काका, पार्टीकडून पेमेंट अडकले आहे, आठ दिवस चेक टाकू नका, बाउन्स झाला तर माझा सिबिल खराब होईल आणि तुमचेच लोन अडकेल. ‘तुमचेच लोन’ हा शब्दप्रयोग मला आजही आठवतो. मग बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, मग फाइल मुख्य शाखेत गेली, मग टायटल सर्चला आणखी एक झेरॉक्स हवी होती, मग गणपती आले, मग पितृपक्ष लागला. दर वेळी ते स्वतःहून फोन करत, त्यामुळे माणूस टाळतो आहे असा संशयच येत नसे. ऑक्टोबरच्या मध्यात मी अखेर चेक बँकेत घेऊन गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने तारीख पाहून तो परत सरकवला. चेक तीन महिनेच चालतो, आणि तीन महिने होऊन पाच दिवस झाले होते. न वटलेल्या चेकबद्दल कलम १३८ खाली फिर्याद करायची तर चेक मुदतीत बँकेत सादर झालेला असावा लागतो. माझा चेक बाउन्स झालाच नव्हता, मी तो टाकलाच नव्हता. तीन महिने मला ज्या जिव्हाळ्याने फोन येत होते, त्यांचा हिशेब मला त्या काउंटरवर लागला.

दसऱ्यानंतर सोसायटीच्या चेअरमनांचा फोन आला. “अहो, तुमच्या भाडेकरूंना सांगा, स्कूटर जिन्याखाली लावू नका म्हणून.” मी विचारले, “कोणते भाडेकरू?” पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने मी निघालो. दार एका सात-आठ वर्षांच्या मुलीने उघडले. आत पाढ्यांची वही उघडी पडली होती, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता, आणि आई ज्या कोनाड्यात देव ठेवत असे त्यात वायफायचा राउटर लुकलुकत होता. मुलीचे वडील परभणीकडचे, एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांनी ‘मालकां’ना साडेतीन लाख हेवी डिपॉझिट दिले होते, त्या बदल्यात दोन वर्षे भाडे नाममात्र. त्यांच्याकडे नोटरी केलेला भाडेकरार होता आणि त्याला आमच्या साठेखताची झेरॉक्स जोडलेली होती, ज्यात ‘ताबा’ आणि ‘वापर’ या शब्दांखाली कोणीतरी पट्टी धरून रेघ मारली होती. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदणीकृतच असावा लागतो, नोटरीने तो भागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते; साठेखताबाबत तेच मलाही ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांना बोलण्याचा मला काही अधिकार नव्हता. त्यांच्या पत्नीने मला चहा दिला. आईच्याच घरात पाहुण्यासारखा बसून मी तो प्यायलो.

पोलीस चौकीत अर्ज घेतला गेला आणि हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, कोर्टात जा, असे सांगण्यात आले. कागद पाहिल्यावर त्यांचे अगदीच चुकले असे मला म्हणवत नाही; सह्या माझ्या, रक्कम मी भरून पावलेलो, ताबा मी दिलेला. माझ्या वकिलांनी नोटीस पाठवली, तिला आलेले उत्तर मात्र वाचण्यासारखे होते. आपण पाच लाख दिले आहेत, घराच्या दुरुस्तीवर तीन लाख खर्च केले आहेत, आपण खरेदीखत करून घेण्यास ‘सदैव तयार व राजी’ आहोत, लिहून देणार मात्र भाव वाढल्यामुळे टाळाटाळ करीत आहेत, असा त्याचा मथितार्थ होता. त्या वर्षी पुण्यात जुन्या फ्लॅटचा भाव वाढल्याचे मी फक्त या एका कागदावर वाचले.

वकिलांनी मला जे समजावले ते असे. साठेखत नोंदणीकृत नसल्यामुळे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-ए चे, म्हणजे कराराच्या आधारे घेतलेला ताबा राखण्याचे, संरक्षण त्या गृहस्थांना मिळणार नव्हते; २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी नोंदणी लागते. म्हणजे निकालाच्या दिवशी आमची बाजू बरी होती. पण नोंदणी नसलेले साठेखतही करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे करता येते, दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, आणि दावा लावून त्यांनी लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली, की मिळकतीच्या नोंदी तपासणाऱ्या सर्च रिपोर्टमध्ये ती दिसणार आणि कोणतीही बँक त्या फ्लॅटवर कर्ज द्यायला बिचकणार. मंद बाजारात कर्जाशिवाय घेणारा कोण भेटणार? त्यांना फ्लॅट कधीच नको होता, त्यांना त्या फ्लॅटच्या वाटेत बसायचे होते. एक लाख गुंतवून त्यांनी भाडेकरूकडून साडेतीन लाख उचलले होते, आणि आता वाटेतून उठण्याचे ते सात लाख मागत होते. एजंटने तोवर माझे फोन घेणे बंद केले होते.

तडजोडीच्या बैठकांचे वर्णन करण्यात अर्थ नाही. त्या बारा-तेरा झाल्या आणि प्रत्येकीत ते मला काकाच म्हणत होते. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये आम्ही अडीच लाख रुपये बँकेमार्फत दिले, त्यांचा एक लाखाचा विसारही परत केला, आणि रद्दलेख तसेच ताबा परत दिल्याचा कागद लिहून घेतला. पाच लाख भरून पावल्याचे ते वाक्य रद्दलेखात कसे खोडायचे, यावरच दोन बैठका गेल्या. भाडेकरू मुलीची परीक्षा आटोपून मे महिन्यातच निघून गेले होते. त्यांचे साडेतीन लाख बुडाले ते बुडालेच. जाताना सामानाच्या टेम्पोसाठी आणि नव्या घराच्या डिपॉझिटसाठी ताईने त्यांना पन्नास हजार दिले. ते कशासाठी, असे मी विचारले नाही.

फ्लॅट अखेर विकला गेला तो डिसेंबर २०२० मध्ये. करोनानंतर बाजार हलावा म्हणून राज्य सरकारने वर्षअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सवलत दिली होती आणि दुय्यम निबंधक कार्यालयांत मास्क लावलेल्या माणसांच्या रांगा लागल्या होत्या. किंमत ठरली ४२ लाख, म्हणजे पहिल्याच महिन्यात नाकारलेल्या रकमेपेक्षा एक लाख कमी. घेणारे एक शिक्षक दांपत्य होते. त्यांनी घासाघीस केली, लिफ्टवरून केली, गळक्या बाथरूमवरून केली, पंख्यांसकट द्या म्हणूनही केली, आणि प्रत्येक मुद्द्याला ताईच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होत गेला. या वेळी साठेखताची नोंदणी आधी झाली, चेक वटल्यावर पावती दिली, मुदत कलमात लिहिली आणि ताब्याच्या कलमात ‘संपूर्ण मोबदला मिळाल्यानंतर’ हे शब्द मी स्वतः बोट ठेवून वाचले.

सह्या झाल्यावर त्या शिक्षकांनी थोडे संकोचून विचारले की बँकेचा डीडी यायला आठ-दहा दिवस लागतील, तोवर रंगाऱ्याला भिंती दाखवायला किल्ली मिळेल का. मी नाही म्हणालो. त्यांना ते लागले असावे, कारण नंतर कॅमेऱ्यासमोर फोटो आणि अंगठा देईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. डीडी जमा झाल्याचा मेसेज आला त्याच दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन दोन्ही किल्ल्या दिल्या, आणि मला आत या म्हणण्याची त्यांची इच्छा दिसली नाही.