मी वसंतराव आणि परत एकदा कट्यार

परवा 'मी वसंतराव' (२०२२) हा शास्त्रीय गायक वसंतराव देशपांडेंवरचा सिनेमा बघितला, मग राहवेना म्हणून लगेच 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा पण लावला. वसंतराव लांबलाय जरा, घरातले मध्येच उठून गेले पण अनिता दातेने आई काय केलीय यार! वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे स्वतःच आजोबांच्या रोलमध्ये, आणि गाणी त्याचीच म्हणून कुठे खोटं वाटत नाही. कट्यारमध्ये पण खाँसाहेबांसाठी (पडद्यावर सचिन पिळगांवकर) तोच गायलाय, आणि हा सिनेमा ज्यावरून आलाय त्या १९६७ च्या नाटकात खाँसाहेब म्हणून हेच आजोबा गायचे. त्यातलं राहुलचं 'सुरत पिया' गाणं माझं सगळ्यात फेवरेट कव्हर (हो, मी कव्हरच म्हणणार, काका लोकांनी चिडू नये), कॉपी न मारता स्वतःच्या ताना घेतो. रिमिक्सवाल्यांनी ऐका जरा. सचिनचे डोळे मात्र फारच वटारलेले, बाकी मस्त.