जुन्या एमएक्स-५ च्या ब्रेक नळ्या: परत रबर की स्टीलची जाळी?

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ ते ९७ मधली ती बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची, घेतली असेल आणि ब्रेकच्या नळ्या अजून कंपनीच्याच असतील तर बदलू का नको असा प्रश्नच नाहीये. तीसेक वर्षांचं, नाहीतर त्याहून जुनं रबर आहे ते. प्रश्न एवढाच की परत रबर टाकायचं की स्टीलची जाळी असलेल्या घ्यायच्या. मी इथे इंग्लंडमध्ये घरासमोर जॅक लावून स्टीलच्या टाकल्या, त्याआधी वर्षभर रबरावरच चालवली, त्यामुळे दोन्हीचं सांगू शकतो.

आधी पेडल, कारण सगळे त्यासाठीच पैसे घालतात. रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते, स्टीलवाली आतून टेफ्लॉनची आणि वरून जाळी, ती जवळजवळ फुगत नाही, म्हणून पेडल कडक लागतं. लागतं म्हणजे खरंच लागतं. पण गाडी त्यामुळे कमी अंतरात थांबते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, ते काम टायर आणि पॅडचं. आणि खरं सांगू का, "जुन्या नळ्यांपेक्षा केवढा फरक" असं लोक म्हणतात त्यातला बराचसा फरक नवीन ब्रेक ऑइलचा आणि नीट हवा काढल्याचा असतो, जुनं ऑइल पाणी पिऊन बसलेलं असतं आणि तापलं की लवकर उकळतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३०°, पाणी शोषल्यावर १५५° पर्यंत येऊ शकतो. नवीन रबर, नवीन ऑइल, नीट हवा काढली की या हलक्या गाडीला रस्त्यावर भरपूर झालं.

ट्रॅकवर नेणार असाल तर मात्र स्टीलच, त्यात वाद नको.

आता बिघाड कसा होतो ते बघा, मला हा मुद्दा पेडलपेक्षा मोठा वाटतो. रबर बाहेरून इशारा देतं, नळी हाताने वाकवली की बारीक भेगा दिसतात. कधीकधी मात्र आतला थर सुजतो आणि नळी एकतर्फी व्हॉल्व्हसारखी वागते, दाबाने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, एक चाक धरून राहतं आणि फिरून आलात की तीच रिम भट्टीसारखी. स्टीलमध्ये हा आजार नाही, पण आत काय चाललंय तेही दिसत नाही. वर प्लास्टिकचं आवरण नसेल तर माती-मीठ जाळीत शिरून आतल्या नळीला घासत बसतं. आणि जाळी म्हणजे चक्क कानस, कशाला घासली तर ते कापणार, म्हणून बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून नळी कुठे टेकत नाही ना हे बघायचंच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा टोकाची फिटिंग स्टेनलेसचीच घ्या, झिंक चढवलेली थोडी स्वस्त असते पण गंजते.

किमतीत वाटतं तेवढं अंतर नाही, कंपनीच्या ओरिजिनल चार नळ्यांपेक्षा स्टीलचा सेट बऱ्याचदा स्वस्तच पडतो.

मेहनत दोन्हीला तेवढीच, आणि खरा डोक्याला ताप नळीचा नाहीच, ती ज्या लोखंडी पाइपला जोडलीय त्या १० मिमीच्या नटचा आहे. साधा पाना लावलात तर नट गोल झालाच म्हणून समजा, फ्लेअर नटचा पाना हवा, म्हणजे नटला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा. माझे तीन सुटले, चौथा, उजवीकडचा पुढचा, सुटला असं वाटलं, मी खूश, आणि बघतो तर नटबरोबर पाइपच पीळ खात होता!! गाडी चार दिवस स्टँडवर, नवीन पाइप करून आणला तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. त्या बाजूचा पाइप छोटा म्हणून निभावलं. मागचा असता तर गाडीखाली लांबच लांब पाइप टाकत बसलो असतो.

म्हणून गाडी फक्त रविवारच्या फेरफटक्याला असेल आणि नट गंजलेले असतील तर मी रबर घ्या म्हणेन आणि थोडे पैसे पाइपांसाठी बाजूला ठेवा. नट स्वच्छ असतील, ट्रॅकचा विचार असेल किंवा कडक पेडल आवडत असेल तर स्टील. काहीही घ्या, नळी कॅलिपरला (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टला तांब्याचे वायसर नवीन लावा. नळी काढायच्या आधी पेडल काठीने थोडं दाबून ठेवा म्हणजे टाकीतलं ऑइल सगळं गळून जात नाही, रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता. आणि ऑर्डर देण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी त्या चार नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, मग एकेक हलवून बघा.