एन९ की ८एक्स? अभ्यासासाठी जुना फोन घेताना

फोनचं अंग पडद्यावरच्या इंटरफेसशी कसं जुळवतात, हे हातात धरून समजून घ्यायचं असेल तर जुन्या बाजारात दोन फोन शोधावेत: नोकियाचा एन९ (२०११) आणि एचटीसीचा विंडोज फोन ८एक्स (२०१२). रोजच्या वापराला दोन्ही निरुपयोगी आहेत. विंडोज फोन या मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल प्रणालीचं अ‍ॅप स्टोअर तर डिसेंबर २०१९ मध्येच बंद झालं. पण डिझाइन शिकणाऱ्याने यातला एकच घ्यायचा तर कोणता?

८एक्स पडद्यावरचं रूप अंगावर उतरवतो. होम स्क्रीनवर सपाट, रंगीत लाइव्ह टाइल्स, म्हणजे अ‍ॅपची ताजी माहिती दाखवणारे चौकोन. फोनही तशीच एक टाइल वाटावा, असा एचटीसीचा बेत होता. पडदा ४.३ इंची, वजन १३० ग्रॅम, रंग निळा, लाल, झगझगीत पिवळा. पाठ मध्ये फुगीर आणि कडांकडे निमुळती, म्हणून जाडी १० मिलिमीटर असूनही हातात पातळ भासतो. टाइल्सचा रंग पाठीशी जुळवला की फोन फार देखणा दिसतो. मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन निळ्या फोनवर हिरव्या टाइल्स आणल्या, की ते नातं तिथेच सुटतं.

एन९चं नातं रंगाचं नाही, अंगठ्याचं आहे. पुढे एकही बटण नाही. अ‍ॅपमधून बाहेर पडायला अंगठा कडेवरून आत सरकवायचा, आणि काच कडांना बाकदार असल्यामुळे तो कुठेही अडत नाही. दोनदा टॅप केलं की पडदा जागा होतो.

याचं महत्त्व ल्युमिया ८०० हातात घेतल्यावर कळतं. २०११च्याच ऑक्टोबरमध्ये नोकियाने जवळजवळ हेच अंग विंडोज फोनवर चालणाऱ्या या ल्युमियाला दिलं. पडद्याखाली तीन टच बटणं आली, पडदा ३.९ वरून ३.७ इंचांवर गेला. काच तशीच सुंदर राहिली, पण कडेवरून आत येण्याला काही अर्थच उरला नाही. ज्या हालचालीसाठी ती बाकदार काच इतकी शोभत होती, ती हालचालच गेली, आणि मला याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून मी एन९ घ्या म्हणेन, आणि स्वस्तात मिळाला तर शेजारी ल्युमिया ८०० ठेवा. रंगसंगती हाच तुमचा विषय असेल तर ८एक्स घ्या. कोणताही घेताना जुनी बॅटरी फुगून फोनचं अंग कुठे उचललेलं नाही ना, हे आधी बघा. बॅटरी आतच बंद असते. एन९च्या माथ्यावरची यूएसबीची इवली झडप शाबूत आहे का, तेही उघडून पाहा.